दोन चाव्यांचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. मित्रांनो, कुलूप म्हटले की तुम्हाला घराचे दार आठवेल. मी तसले साधेसुधे नाही. माझ्या पोटाला दोन भोके आहेत आणि दोन माणसांनी दोन चाव्या एकदम फिरवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. अलीकडे तर उघडायचाही कंटाळा येतो. पण गोष्ट सांगायला बसलेच आहे, तर सांगून टाकते.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. दोन चाव्यांचे कुलूप हवे असे ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "भांडण दोन राज्यांचं आणि डोकेदुखी माझी!" असे पुटपुटत तो कानस फिरवत राहिला. हाताने मात्र कसलीही कसर ठेवली नाही. पहिल्यांदा दोन्ही चाव्या फिरल्या आणि माझी कडी खटकन सुटली, तेव्हा तो लहान मुलासारखा हसला. माझे एवढे कौतुक पुढे कोणी केले नाही.

दोन राज्यांच्या सीमेवर नदीला धरण होते. त्याचा दरवाजा एका लोखंडी चाकाने वरखाली होई आणि त्या चाकाच्या साखळीला मला अडकवले. रोज सकाळी मला उघडायचे, ठरलेले पाणी खाली सोडायचे आणि पुन्हा लावायचे, असा करार होता. एक चावी वरच्या राज्याच्या पहारेकऱ्याकडे, दुसरी खालच्या राज्याच्या. कोणी एकट्याने पाणी पळवू नये याची सोय झाली. कोणी एकट्याने ते अडवून धरू नये, याची सोय करायला मात्र सगळे शहाणे विसरले.

दोघे पहारेकरी धरणावरच्या पुलाच्या दोन टोकांनी चालत येत. मी त्यांना मनात वरचे आणि खालचे म्हणत असे. सुरुवातीला दोघे एकमेकांकडे बघतही नसत. पण रोज खांद्याला खांदा लावून चावी फिरवायची म्हटल्यावर माणूस किती दिवस गप्प बसणार? आधी पावसापाण्याचे बोलणे झाले, मग एकाच थर्मासातला चहा, मग मुलाबाळांची चौकशी. शेवटी वरच्यांची मुलगी खालच्यांच्या घरी सून म्हणून गेली. ती सोयरीक माझ्यासमोर ठरली.

"देण्याघेण्याचं काय म्हणता?" वरच्यांनी विचारले.

"पाणी तेवढं वेळेवर सोडा व्याही, बाकी काही नको," खालचे म्हणाले, आणि दोघे पोट धरून हसले. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग एका वर्षी पावसाने दडी मारली. नदी आटली. वरच्या राज्याने आपल्या पहारेकऱ्याला चावी लावायला मनाई केली. त्यांचेही काही चुकत नव्हते हो, त्यांच्या गल्लीतसुद्धा नळाला जेमतेम करंगळीएवढी धार येत होती. खालचे रोज येत, आपली चावी लावत, वाट बघत आणि काढून घेत. तिकडे मोठ्या शहरात सुनावण्या सुरू झाल्या. करारात लिहिले होते तेवढे पाणी द्या, असे एक बाजू म्हणे. नदीतच नाही तर द्यायचे कुठून, असे दुसरी म्हणे. तारखा पडत राहिल्या. मला तेल घालायचे कोणाला सुचले नाही आणि माझ्या सांध्यांत गंज शिरला.

खालच्यांच्या सुनेची रोपवाटिका होती. फळझाडांची रोपे तिने बियांपासून वाढवली होती, घर त्यावरच चाले. ती रोपे आता माना टाकू लागली होती.

एका सकाळी वरचे जवळजवळ पळतच आले. "व्याही, परवानगी मिळाली! अर्धं पाणी सोडा म्हणालेत. काढा चावी!"

खालच्यांनी खिशात हात घातला, पण तो बाहेर काढला नाही.

"मला हुकूम आलाय," ते खाली बघत म्हणाले. "पूर्ण मिळेपर्यंत घ्यायचं नाही. अर्धं घेतलं तर हक्क सोडल्यासारखं होईल."

मित्रांनो, तहानलेल्याने पाण्याला नाही म्हणायचे! मी लोखंडाचे, तरी माझे डोके फिरायची पाळी आली.

बरेच दिवस असेच गेले. मग सून स्वतःच पुलावर आली. मातीने भरलेले हात, चेहरा उतरलेला. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला सासरे.

"मामंजी, चावी लावा ना," ती म्हणाली.

"अगं, आज अर्धं घेतलं तर उद्या ते अर्ध्यावरच बोळवण करतील. तुझ्याच पोरांच्या तोंडचं जाईल."

"आणि आज रोपं गेली तर? उद्या पाणी काय मडक्यात भरून बघत बसायचं?"

वरच्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. खालच्यांनी तिच्या मातीच्या हातांकडे पाहिले. मग त्यांनी चावी काढली. वरच्यांनीही आपली लावली. गंजामुळे मी कुरकुरले, पण उघडले.

पाणी खाली गेले. निम्मी रोपे वाचली. खालच्यांची नोकरी गेली. गल्लीतले लोक त्यांना फितूर म्हणू लागले, पाणी मात्र सगळ्यांनी भरून घेतले. आणि त्यांची भीती खोटी नव्हती. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला तरी वरचे राज्य म्हणाले, गेल्या वेळी अर्ध्यात भागले ना? भांडण आणखी लांबले. खालून नवा पहारेकरी येऊ लागला. पुलावर चहा बंद झाला.

पुष्कळ वर्षांनी निवाडा लागला. चांगल्या वर्षी करारातले पूर्ण पाणी द्यायचे आणि वाईट वर्षी तूट दोघांनी वाटून घ्यायची. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षे लागली! दोन्हीकडचे साहेब हार, छायाचित्रकार घेऊन पुलावर जमले. नव्या पहारेकऱ्याने चावी लावली. वरच्यांनी आपली मुठीत आवळून धरली.

"माझे व्याही आल्याशिवाय मी फिरवणार नाही," ते म्हणाले.

साहेबांनी समजावले, डोळे वटारले. वरचे हलले नाहीत. दोन चाव्यांच्या कुलपापुढे साहेबांचे तरी काय चालणार! शेवटी रोपवाटिकेकडे गाडी गेली. खालचे आले ते आता पार वाकलेले होते. आपल्याला कशाला बोलावले, हेच त्यांना कळेना. वरच्यांनी नव्या पहारेकऱ्याची चावी मागून घेतली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"व्याही, तुमच्यावाचून मला हे जमत नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, मी फार थकले आहे. माझ्या जागी उद्या यंत्र येईल, त्याचे मला वाईट वाटत नाही. माझे एकच मागणे आहे. तुमचीही कधी शेजाऱ्याशी वाटणी होईल. ती झाली की, त्यापायी ज्याने सगळ्यांची बोलणी खाल्ली त्याला आधी बोलावून आणा. त्या दिवशी खालच्यांनी चावी लावली, तेव्हा त्यांचे डोळे भरून वाहत होते. त्यांना काही दिसत नव्हते. वरच्यांनी त्यांचा हात धरला, आणि दोन्ही चाव्या एकदम फिरल्या.