चंद्रावर चहा करणारी बाई

मी एका इंग्रजी मासिकाचा जुना अंक आहे, आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या छापखान्यात झाला. माझ्या मुखपृष्ठावर एक बाई होती. डोक्यावर काचेचा गोल टोप, हातात अग्निबाणाचं सुकाणू, खाली एवढीशी पृथ्वी. काय तिचा रुबाब! दुसरं महायुद्ध संपलं त्या साली कुणा गोऱ्या शिपायानं मला कुर्डुवाडी स्टेशनात बाकावर टाकलं. परंड्याचे दुकानदार कल्याणप्पा तिथं माल न्यायला आले होते. लेकीच्या वह्यांना कव्हरं होतील म्हणून त्यांनी मला उचललं.

पण त्यांच्या बायकोनं, शिवम्मानं, हातातली कात्री खाली ठेवली. चित्रातल्या बाईच्या छातीवर गोल डबी होती. "अगं बया! हिच्या गळ्यात लिंग हाय. ही तर आपल्यातली!" शिवम्माच्या गळ्यातही चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं, नवऱ्याच्या गळ्यात होतं तसंच. झालं, माझी रवानगी देवघरात. रोज मला विभूती लागू लागली.

त्यांची लेक नागम्मा चौथी पास झाली होती. तिला बार्शीला मावशीकडं राहून पुढं शिकायचं होतं. "आप्पा, ही बाई आभाळात गेली. म्या बार्शीला बी जाऊ नगं व्हय?" कल्याणप्पा हसले आणि हो म्हणाले. बैलगाडी ठरली.

आदल्या दिवशी कल्याणप्पांचे धाकटे भाऊ महालिंगप्पा आले. कचेरीत कारकून, इंग्रजी जाणणारे. मला वाचून ते पोट धरून हसले. "वैनी, लिंग कसलं? हवेची डबी हाय ती, श्वास घ्यायची. अन् गोष्टीत ही बाई काय करती ठावं हाय? चंद्रावर गड्यांना चहा करून देती. राक्षस दिसला की चक्कर येऊन पडती!"

कल्याणप्पांचा चेहरा उतरला. "मग ऱ्हाऊ दे बार्शी." नागम्मा रडायला लागली.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे लेखका, बाईला चंद्रापर्यंत नेलंस ते चहा ठेवायला? लाज नाही वाटली? पण मला तोंड कुठं होतं!

शिवम्माला होतं. "भावजी, कागदावरचं खोटं असंल. माझ्या गळ्यातलं तर खरं हाय? पोरगा असू दे का पोरगी, जन्मल्याबरुबर आपण लिंग बांधतो. तवा कुणी इचारलं न्हाय, ही चक्कर येऊन पडंल का म्हणून. अन् ही गोष्ट लिहिली कुणी? गड्यानंच ना?"

कल्याणप्पांनी मान खाली घालून गाडीवानाला सकाळी यायचा निरोप धाडला.

सकाळी शिवम्मानं माझं मुखपृष्ठ अलगद सोडवून नागम्माच्या ट्रंकेत ठेवलं. आतली पानं, चहाची आणि चक्कर येण्याची, फाडून चुलीत सारली. त्याच जाळावर लेकीच्या वाटेच्या भाकरी भाजल्या.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं जुन्या अंकांनी शेवटी सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार. माझी ती पानं जळली त्याचं मला काडीचंही दुःख नाही. भाकरी टम्म फुगल्या होत्या.