शिवलेले खिसे

मधुराने सासऱ्यांची करंगळी उचकटली, तर बाकीची बोटं घट्ट मिटली. ती सोडवायला गेली, तर करंगळी परत जागेवर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मुठीत एवढा जोर येतो कुठून, देव जाणे.

"बाबा, फ्यूज द्या."

"नाही."

"आईंचं मशीन बंद पडलंय. ऐकू येतंय ना तुम्हाला?"

न ऐकू येऊन सांगतंय कुणाला! आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन वीज गेल्यापासून एका सुरात किंचाळत होतं. पलंगावर राजलक्ष्मीबाई छोट्या सिलिंडरच्या नळीवर श्वास घेत होत्या आणि सिलिंडरचा काटा लाल पट्टीत शिरला होता. फार तर पंधरा मिनिटं.

"लवू वर आहे," अच्युतराव शांतपणे म्हणाले. "तो उतरला की देतो."

मधुराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

लवू म्हणजे अच्युतरावांचा जोडीदार. दोघं वीज कंपनीत खांबांवर काम करणाऱ्या एकाच गँगमध्ये होते. चाळीस वर्षांपूर्वी घोडपदेवला लवू खांबावर चढला असताना खाली कुणीतरी फ्यूज बसवला आणि तारेला चिकटून लवू वरच गेला. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या दोन वर्षांत अच्युतरावांचं विसरणं वाढत गेलं, नातेवाइकांची नावं गळाली, सकाळचा नाश्ता दहा वाजता आठवेनासा झाला, पण लवू मात्र परत यायला लागला. कधी तो जेवायला असे, कधी जिन्यात उभा असे.

आज मधुरा ठाकूरद्वारच्या केमिस्टकडे गेली होती. अर्ध्या तासाचं काम. एरवी ती समोरच्या मीनाक्षीताईंना लक्ष ठेवायला सांगून जायची. पण त्या लेकीकडे दादरला गेलेल्या, दाराला कुलूप. परत येऊन बघते तर जिन्यातला दिवा चालू, खालच्या मजल्यांवरचे पंखे चालू, आणि तळमजल्यावरच्या मीटरच्या फळीवर यांच्याच फ्यूजची जागा रिकामी. चिनी मातीचा तो पांढरा ठोकळा कुठे असणार हे तिला तिथेच कळलं होतं.

फोन वाजला. लोअर परळच्या ऑफिसातून नवरा, विक्रांत. तिने आल्याआल्या त्याला कळवलं होतं.

"ॲम्ब्युलन्स सांगितलीय, पण पुढे रस्ता खणलाय, वीस-पंचवीस मिनिटं म्हणतायत. सिलिंडरवाला लालबागहून निघालाय. तू बाबांच्या हातातून घे ना तो फ्यूज!"

"देत नाहीयेत."

"अगं, हिसकावून घे! म्हणून तर इन्व्हर्टर बसवतोय ना आपण. नेमका संध्याकाळी पाचला येणार तो माणूस..."

तिने फोन ठेवला आणि खरंच हिसकावलं. दोन्ही हातांनी. अच्युतरावांचं मनगट खुर्चीच्या हातावर आपटलं, ते कळवळले, पण मूठ उघडली नाही.

"आई जातील हो त्या तुमच्या लवूपायी!" ती ओरडली.

"मधुरा," आतून राजलक्ष्मीबाईंचा आवाज आला. एकेक शब्दाला दम लागत होता. "त्यांना... नको ओरडूस."

आरडाओरडा ऐकून पहिल्या मजल्यावरचे माधवकाका वर आले. सोसायटीचे सेक्रेटरी. बिल्डिंगमध्ये कुणाचा नळ गळला तरी धावत येणार.

"माझ्याकडून वायर ओढू का? पण दोन मजले... एवढी लांब नाही गं माझ्याकडे." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "थांब. मीनाक्षीचं घर बंदच आहे ना? तिचा फ्यूज काढतो नि तुमच्या जागी बसवतो. अच्युतला बसू दे मूठ धरून. दोन मिनिटांचं काम!"

"लावा, काका. लवकर लावा."

माधवकाकांच्या चपला जिन्यात वाजायला लागल्या, तसे अच्युतराव खुर्चीतून उठले. खुर्ची मागे पडली.

"कोण गेला खाली? माधव? थांबव त्याला!"

"बाबा, बसा."

"अगं, माणूस वर आहे!" ते मूठ बंडीच्या खिशावर घासायला लागले. एकदा, दोनदा. मूठ आत जाईना. "खिसा कुठे गेला माझा? फ्यूज खिशात ठेवायचा असतो. माझा खिसा कुठाय?"

खिसा तिनेच शिवून टाकला होता, गेल्या रविवारी. त्या खिशात आईंच्या गोळ्या सापडायच्या, कधी अर्धं लिंबू, कधी माधवकाकांच्या कुलपाची किल्ली. त्या किल्लीपायी अख्खी बिल्डिंग पालथी घातली होती. शेवटी वैतागून तिने चार सदरे आणि दोन बंड्या घेतल्या आणि सगळ्या खिशांची तोंडं दुहेरी दोऱ्याने बंद केली. आता तिने त्यांना खांद्याला धरून आत नेऊन पलंगाच्या कडेला बसवलं आणि सिलिंडरचा काटा बघायला वाकली.

काटा आणखी खाली आला होता. पण तिची नजर अडकली ती नळीवर. नळी नीट बसवलेली होती, पिळा न पडता, उशीवरून फिरवून आणलेली. आल्यापासून ती धरून चालली होती की आईंनीच कशीबशी लावून घेतली. पण सिलिंडर पलंगाच्या पायथ्याशी. आईंचा हात तिथे पोचतच नव्हता.

"आई, नळी कुणी लावली?"

"त्यांनीच. मला... उठवलं. नळी लावली. बोटाला ते यंत्र लावून... आकडा बघितला. मग... खाली गेले."

"आधी नळी? वीज जायच्या आधी?"

राजलक्ष्मीबाईंनी मान हलवली आणि भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरवर आजच्या चौकोनात पेन्सिलीने, तिरक्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: १०.४० बंद.

मधुराचा हात सिलिंडरवर तसाच राहिला. आज वार कोणता हे सकाळी तीनदा विचारणाऱ्या माणसाने आधी बायकोची सोय केली, मग घड्याळ बघून वेळ लिहिली, मग तीन मजले उतरून फ्यूज काढला. भ्रमिष्टाच्या कामाला एवढा क्रम असतो का?

"बाबा," तिने विचारलं, "लवू कुठे आहे?"

"सांगतोय ना केव्हाचा. मागच्या जिन्यावर. बॉक्स उघडून बसलाय."

ती धावली. अनवाणीच. दुसऱ्या मजल्यावरून ओरडली, पहिल्यावरून ओरडली, पण रस्ता खणणाऱ्या मशीनच्या धडधडीत आवाज खाली पोचेना. तळाला आली तेव्हा माधवकाका चष्मा कपाळावर चढवून, मीनाक्षीताईंचा फ्यूज हातात धरून, रिकाम्या जागेचा अंदाज घेत होते.

"काका, हात काढा! लावू नका!"

"अगं, बसतोच आहे आता..."

"मागे माणूस आहे."

"कोण माणूस?"

"माहीत नाही."

माधवकाकांनी तिच्याकडे बघितलं. सासऱ्यासारखीच हीसुद्धा, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"आणि नसला तर? राजलक्ष्मीचं काय?"

वर काटा उतरत होता, एकेक श्वास मोजून येत होता, आणि ती एका विसरभोळ्या म्हाताऱ्याच्या शब्दावर खोळंबली होती. तिने काकांच्या हातातून तो फ्यूज काढून घेतला. कुठे ठेवावा कळेना, म्हणून मुठीत घट्ट धरला आणि मागच्या दाराकडे पळाली.

दोन बिल्डिंगींमधल्या अरुंद हाऊसगल्लीत जुना लोखंडी गोल जिना होता. वर्षानुवर्षं त्यावर कुणी फिरकत नसे. मधुराने मान वर केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये दोन पाय दिसत होते. तिशीचा एक माणूस लोखंडी पायरीवर पाय सोडून बसला होता. कानात इअरफोन. भिंतीवरचा बॉक्स उघडा, आणि दोन्ही हातांत सोललेल्या तांब्याच्या तारांची टोकं.

दचकून त्याचा तोल जाईल म्हणून तिने हाक मारली नाही. कठड्याला धरून चार वळणं चढली आणि मग त्याच्या पायाला हात लावला.

"हां मॅडम!" त्याने इअरफोन काढला. "मी राकेश, वायरमन. विक्रांत सरांनी बोलावलंय ना इन्व्हर्टरला. पाचचं बोललो होतो, पण मधलं काम कॅन्सल झालं, तर आताच आलो. तुम्ही नव्हता. आजोबांनीच दाखवलं सगळं. हा जॉइंट बघा, पार जळलाय. आणखी थोडे दिवस राहिला असता ना, तर आगच लागली असती."

"तुम्ही... हात घातलेत. वीज आली असती तर?"

"कशी येईल? आजोबा बोलले, तू बिनधास्त चढ, फ्यूज माझ्या हातात आहे. टेस्टर पण लावून बघितला मी."

मधुरा त्याच पायरीवर बसली.

"किती वेळ लागेल?"

"जॉइंट मारला की झालं. दोन मिनिटं. काय झालं, मॅडम?"

"वर पेशंट आहे. पण तुम्ही घाई करू नका. नीट मारा."

दोन मिनिटांची तीन झाली. राकेशने तारा जोडल्या, टेप गुंडाळली, बॉक्सचं झाकण लावलं आणि दोघं धापा टाकत घरात आले. माधवकाका पलंगाशी राजलक्ष्मीबाईंचा हात धरून उभे होते. राजलक्ष्मीबाईंचे ओठ निळसर झाले होते.

"दे रे अच्युत आता, मी लावतो," माधवकाका म्हणाले.

अच्युतरावांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते राकेशला म्हणाले, "हात दाखव."

राकेशने हात पुढे केला.

"दुसरा."

अच्युतरावांनी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले. मग मूठ उघडली. फ्यूजच्या कडा तळहातात रुतून लाल झाल्या होत्या.

"चढला त्यानेच लावायचा," ते म्हणाले. "पळ."

राकेश एकेका उडीत दोन पायऱ्या उतरत गेला. मशीनचं किंचाळणं थांबलं, गुरगुर सुरू झाली, आणि मधुराने नळी बदलली. हळूहळू राजलक्ष्मीबाईंच्या बोटावरचा आकडा चढायला लागला. ॲम्ब्युलन्स आली ती त्यानंतर दहा मिनिटांनी. डॉक्टरांनी तपासलं, हलवायची गरज नाही म्हणाले.

सगळे पांगल्यावर मधुरा अच्युतरावांच्या तळहाताला हळद लावायला बसली. मनगटावर काळानिळा डाग उमटला होता. तो तिचा होता.

"बाबा, माझं चुकलं."

त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते तळहाताकडे बघत होते.

"तेव्हा टेबलावर ठेवला होता मी," ते म्हणाले. "चहाला गेलो होतो. खिशात ठेवायला हवा होता."

चाळीस वर्षांत हे घरात कुणी ऐकलं नव्हतं. मधुराने दारातून पलंगाकडे पाहिलं. राजलक्ष्मीबाई डोळे मिटून पडल्या होत्या, पण जाग्या होत्या. मधुरा उठली, कात्री आणली आणि बंडी अंगातच असताना खिशाचे टाके एकेक करून उसवले. मग बाकीचे सदरे घेऊन बसली.

संध्याकाळी माधवकाका दारात उभे.

"मधुरा, माझी किल्ली दिसत नाहीये गं. पण तू तर खिसे शिवलेत ना?"

"उसवले, काका."

अच्युतरावांचा हात बंडीच्या खिशावर होता. ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"बाबा, बघू का?"

"आधी बघून ये, वर कोणी आहे का."

माधवकाका हसले. मधुरा उठली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, गजांना कपाळ टेकून मागचा जिना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत आली.

"कोणी नाही, बाबा. उतरले सगळे."

तेव्हा त्यांनी हात बाजूला घेतला.