न विचारता घेतलेलं नाव

दादाभाऊने आरतीकडे एकच गोष्ट मागितली होती. "ताई, माझं नाव कुटं येऊ देऊ नका." आणि आरतीने भर ग्रामसभेत, माईकवरून, त्याचं नाव घेतलं.

तिचा हेतू वाईट नव्हता. पिंपळवंडीच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात ती ग्रामपंचायतीची सदस्य होती. त्या उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी तांबूस झालं, मासे उलटे होऊन तरंगायला लागले, काठच्या विहिरींना उग्र वास सुटला. कारण कुणालाच कळेना. मग एक दिवस टँकरवर ड्रायव्हर असलेला दादाभाऊ तिच्या टोमॅटोच्या वावरात आला आणि त्याने मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. एका कारखान्याचं सांडपाणी शुद्धीकरणाला पोचवायचं कंत्राट त्याच्या मालकाकडे होतं. मालक ते पोचवतच नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळावर, टँकर रिकामे व्हायचे. व्हिडिओत पाइप सुटलेला दिसत होता आणि मालकाचा मुकादम "आवर लवकर" म्हणून ओरडत होता.

ग्रामसभेत तो व्हिडिओ पडद्यावर लागला तेव्हा लोक खवळले. अधिकाऱ्यांना बोलवायचा ठराव झाला. टाळ्या थांबेनात. त्या भरात आरती बोलून गेली, "हे धाडस आपल्या दादाभाऊंनी केलंय! उभे राहा ना, दादाभाऊ!"

तो मागे भिंतीला टेकून बसला होता. उभा राहिला नाही. मान खाली घालून चपलेचा पट्टा चाचपत राहिला. आरतीला वाटलं, लाजतोय.

आठवड्याच्या आत कंत्राटदाराने फिर्याद दिली. ड्रायव्हरनेच वाचलेलं डिझेल विकायला मिळावं म्हणून परस्पर टँकर ओतला, आणि वर व्हिडिओची भीती घालून खंडणी मागितली, असा आरोप. पोलिसांनी दादाभाऊला नेलं. इकडे ओढ्यावर अधिकारी येऊन गेले, टँकर बंद झाले, आणि तालुक्यातल्या एका मंडळाने आरतीला शाल-श्रीफळ दिलं. तिने ते घेतलं. फोटो काढताना हसलीसुद्धा. घरी येऊन चहा ठेवला, आणि तो उतू जाऊन गॅस विझला तरी ती ओट्यापाशी तशीच उभी होती.

दादाभाऊ जामिनावर सुटला तेव्हा ती त्याच्या वस्तीवर गेली. रिकाम्या हाताने जाणं तिला जमेना, म्हणून तिने आधीच एक फ्लेक्स छापून घेतला होता. त्यावर त्याचा मोठा फोटो आणि खाली 'आम्ही सारे दादाभाऊ'. मोर्चाची तारीखही मनात ठरली होती.

त्याची आई म्हाळसाबाई हिने पाण्याचा तांब्या पुढे केला. बायको रोहिणी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तिने मान वर केली नाही. आरतीने फ्लेक्सची गुंडाळी सोडली. फोटो बघून म्हाळसाबाईने कपाळाला हात लावला.

"ह्यो फोटू कुणाला इचारून घेतला?" रोहिणीने विचारलं.

"फेसबुकवरून... मला वाटलं, लोकांना कळायला हवं..."

"लोकांना कळलं म्हनून तर आत गेलं त्ये." रोहिणीचा आवाज चढला नाही. "तुमाला सांगितलं व्हतं ना, नाव घेऊ नका?"

वाटेत आरतीने माफीची वाक्यं जुळवली होती, ती सगळी शेंगांच्या टरफलांसारखी पोकळ वाटायला लागली. "चुकलं माझं," एवढंच तिला म्हणता आलं.

दादाभाऊ दारात येऊन उभा होता. वाळला होता. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, तुमी मला शूर म्हनता, त्येच मला सोसत न्हाई. त्यो टँकर मी ओतलाय. मालकानं सांगितलं आनि मी पाइप सोडला, दोनदा. मग नवसूतात्याची मेंढरं त्या पान्यावर गेली. माझा सख्खा चुलता त्यो. मेलेली मेंढरं वढत व्हता आनि मलाच इचारत व्हता, दादा, पान्यात काय असंल रं? तवा कुटं मी तिसऱ्या खेपेला फोन काढला."

"त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. तवापासनं त्यो बोलत न्हाई. आनि तुमी माझा फोटू चौकात लावनार. त्यो तितनंच रोज जातो."

आरतीने फ्लेक्स गुंडाळला. मग तिने, या घरात पहिल्यांदाच, विचारलं, "मी काय करू? तुम्ही सांगाल तेच करते."

दादाभाऊने रोहिणीकडे पाहिलं. तीच बोलली. "तारखेला कोर्टात मी एकटीच बाई असते. कंत्राटदाराची मानसं बाकावर पसरून बसत्यात, हसत्यात. कुनी बाईमानूस शेजारी बसलं तर बरं व्हईल. बोलायचं काय न्हाई. बसायचं."

"आनि आमच्या वकीलबाईंना भेटा," दादाभाऊ म्हणाला. "फिर्यादीच्या आधी मी तुमच्याकडं आलो व्हतो, पैशाचा इषय काडला न्हवता, नाव झाकायला सांगितलं व्हतं. ह्ये तुमालाच ठावं हाय. पर जबरदस्ती न्हाई."

घरी तिने नवऱ्याला, आदेशला, सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "साक्षीला उभी राहिलीस तर सगळ्यांसमोर येईल की नाव तूच फोडलंस. सत्कार घेतलेल्या बाईनं."

"फोडलंय मी."

"पुढची निवडणूक?"

आरतीने त्याला भाकरी वाढली. निवडणुकीचा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. वस्तीवरून परतताना सगळ्यात आधी तोच आला होता, आणि त्याचीच तिला जास्त शरम वाटत होती.

फ्लेक्स तिने कांद्याच्या चाळीवर अंथरला, फोटोची बाजू खाली करून. मोर्चाचा बेत सोडला. मंडळाची शाल परत पाठवताना कारण लिहावं का, हे तिने वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्ता काही लिहू नका, भाषणही नको. जे सांगायचं ते शपथेवर सांगा. त्याचा उपयोग होईल, आणि तुम्हाला उलटतपासणीत सोलूनही काढतील." मग दोन तास त्यांनी तिला प्रश्न विचारले. शेवटचा होता, "त्यानं नको म्हटलं असताना नाव का घेतलंत?"

"टाळ्या वाजत होत्या म्हणून," आरती म्हणाली. वकीलबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते तसंच लिहून घेतलं.

जुन्नरच्या कोर्टात तारखेला ती एसटीने गेली. बाकावर रोहिणीच्या शेजारी बसली. मुकादम समोरून जाताना थबकला. "काय मेंबर, आता इकडं का?" आरतीच्या ओठांवर चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं. तिने रोहिणीकडे पाहिलं. रोहिणीने हलकेच नकारार्थी मान हलवली, आणि आरती गप्प बसली.

दुपारनंतर पुकारा झाला. दादाभाऊ आत जाऊन लगेच बाहेर आला. पुढची तारीख मिळाली होती, दिवाळीनंतरची. खटला कधी उभा राहील हे वकीलबाईंनाही सांगता येत नव्हतं. दादाभाऊची नोकरी गेली होती. चुलता अजून बोलत नव्हता. "सध्या दुसऱ्याच्या वावरात औषध मारायला जातो," त्याने सांगितलं, आणि चहावाल्याकडे वळला.

आरतीने रोहिणीला विचारलं, "पुढच्या तारखेला येऊ का मी?"

रोहिणीने पदराने चेहऱ्यावरचा घाम पुसला. "या," ती म्हणाली. "पर मी अजून इसरले न्हाई, ताई."

"नका विसरू."

चहा आला. तिघंही उभ्यानेच प्यायली.