दुधणीचा सातवा झरा

हरिदास ट्रेसर होता, आणि ट्रेसरनं डोकं चालवायचं नसतं, हात चालवायचा असतो. कालव्याच्या ऑफिसात चौदा वर्षं त्यानं तेच केलं. जुन्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं, खाली दिसेल तेवढंच शाईनं उतरवायचं. चहाचे, ओलीचे डाग तेवढे सोडायचे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्यापुढं दुधणी नदीचा नकाशा आला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणी सर्व्हेवाल्यानं पायी हिंडून हातानं काढलेला. नदी चामोर्शीकडची, हरिदासच्याच गावावरून जाणारी. कालव्याची माती तिच्या काठावर टाकायची होती. नकाशात असतील ते झरे मात्र मोकळे ठेवायचे होते.

झरे सहा, सहाही नाववाले. बौद्ध मोहल्ल्याखालचा, जिथं त्याची माय ठमाबाई अजून पाणी भरायची, तो त्यात नव्हता. हरिदासला नवल वाटलं नाही. त्या काळी आपल्या माणसांचा झरा कागदावर कोण चढवणार? तरी हिंमत करून त्यानं साहेबांना विचारलं. जुन्यात असेल तर घाल, साहेब म्हणाले. मोहल्ल्याखाली एक मळका डाग तेवढा होता. तो त्यानं शिरस्त्याप्रमाणे सोडला.

मे महिन्यात मोहल्ल्याच्या झऱ्यावर पुरुषभर माती पडल्याचा निरोप आला. हरिदासनं कपाटातून जुना नकाशा काढला आणि कधी नव्हे ते त्या डागावर भिंग धरलं. डागाभोवती बारीक निळं कडं होतं, बाकीच्या सहांना होतं तसंच. फक्त नाव नव्हतं. त्या भल्या माणसानं झरा काढला होता हो! आणि त्याच झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेल्या या शहाण्यानं तो डाग म्हणून सोडला.

आता रडू येईल, असं हरिदासला वाटलं. आलं नाही. त्यानं नकाशा गुंडाळून नळीत घातला, रजिस्टरात सही केली आणि डबा खाल्ला.

शनिवारी तो गावी गेला. ठमाबाई लांबच्या झऱ्यावरून पाण्याचा पितळी गुंड भरून येत होती. धाप लागली होती. गुंड उतरवून तिनं विचारलं,

"जुन्या नकाशात नव्हताच ना रे आपला झरा?"

"नव्हता, माय."

"मले माहीतच होतं. आपलं कोन लिहून ठेवते?"

तिनं त्याच्यापुढं पाण्याचा लोटा धरला. हरिदासनं तो घेतला आणि सगळा प्याला.