अंगावरचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. जुनी खरी, पण माझा खरा रंग आजवर कोणी धड पाहिलेला नाही. माझी चौकट प्लास्टिकची. लगेच नाकं मुरडू नका! प्लास्टिक म्हटलं की तुम्हाला तडकलेली बादली आठवते. मी त्यातली नव्हे.

कारखान्यात पांढरी भुकटी तापवून, साच्यातून काढून माझ्या पट्ट्या झाल्या. पोटात पोलाद घातलं. कोपरे गरम करून असे जोडले की सांधा शोधून सापडायचा नाही. काचेच्या कडेला रबर बसवलं, आणि खालच्या पट्टीला पाणी वाहून जायला बारीक भोकं पाडली. शेवटी वाटेत ओरखडे पडू नयेत म्हणून अंगभर चिकट कागद लावला. तो फक्त प्रवासापुरता होता. तेव्हा मला काय ठाऊक, की माझं सगळं आयुष्य त्या कागदाखाली जाणार आहे!

मी ज्या घरी आले, तिथले काका बसचे ड्रायव्हर होते. नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर इंजिनाची घरघर ऐकून त्यांचे कान विटले होते आणि रस्त्याची धूळ खाऊन छाती भरली होती. त्यांची जुनी लाकडी खिडकी पावसात फुगायची, उन्हात आकसायची, आणि वाळवीने तिचा पार भुगा केला होता. मी बसले आणि खोलीत एकदम शांतता झाली. काका हसून म्हणाले, “वा! आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते. हवं तेव्हा उघडायची, हवं तेव्हा लावायची. एका बोटाने सरकते बघ!” इतकं कौतुक! मी तर हरखूनच गेले.

बसवणारा मिस्त्री जाताना काकूंना म्हणाला, “काकू, हा कागद आजच काढा बरं का. उन्हात भाजला की मग निघायचा नाही.”

“काढू की,” काकू म्हणाल्या.

पण काकूंचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. त्यांच्या सोफ्याला कव्हर होतं आणि त्या कव्हरवर चादर होती. टीव्हीचा रिमोट पिशवीत, चांगले कप कपाटात. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यांची लेक दूरच्या गावी नोकरीला होती. “ती आली की तिच्या हातानेच कागद काढू. नवी कोरी दिसली पाहिजे तिला,” असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि कोरी राहावी म्हणून मला उघडायचीही बंदी केली.

काका रोज सकाळी खुर्ची घेऊन माझ्यापाशी बसत. त्यांना उघड्या खिडकीतून वारा हवा होता, येणाऱ्याजाणाऱ्या बसगाड्या बघायच्या होत्या. हात कडीकडे गेला की स्वयंपाकघरातून आवाज येई, “अहो, धूळ बसेल! लेक येईपर्यंत दम धरा!” काका माझ्याकडे बघून डोळे मिचकावत आणि नखाने कागदाचा कोपरा खरवडत बसत. लेक फोनवर म्हणे, “येते गं सुट्टीत.” सुट्ट्या येत आणि जात. मीही वाट बघत राहिले.

एका पावसाळ्यात माझ्या खालच्या पट्टीत पाणी साचलं आणि खोलीत ओघळलं. “यापेक्षा लाकडाची बरी होती,” काकू कडाडल्या. मला फार लागलं ते. माझी भोकं बुजली होती ती त्याच कागदाने, पण सांगणार कोण? काकांनी ओळखलं. काकू बाहेर गेल्या तशी त्यांनी मला गुपचूप उघडलं, वाकून दाभणाने एकेक भोक मोकळं केलं आणि पुटपुटले, “घे बाई, तू तरी श्वास घे.” मग छातीभर वारा घेत ते तसेच उभे राहिले. जिन्यात चपला वाजल्या, तशी घाईने मला लावून घेतली.

ते मनासारखं उघडणं तेवढंच. पुढच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले.

लेक आली. सगळं आटोपल्यावर एका दुपारी काकू तिला म्हणाल्या, “तो कागद काढ गं. तुझ्यासाठीच ठेवलाय.” लेकीने कोपरा धरून ओढला. टिकलीएवढा तुकडा हातात आला. पुन्हा ओढला, पुन्हा तेवढाच. उन्हाने कागद माझ्या अंगाला भाजून चिकटला होता. काकूंनी सुरी आणली, गरम पाणी आणलं. वरातीमागून घोडं! लेकीची नखं दुखायला लागली. ती मटकन खाली बसली आणि रडत म्हणाली, “आई, मी काय खिडकी बघायला येणार होते का गं? मी बाबांना बघायला येणार होते.”

काकूंनी सुरी खाली ठेवली. “ते रोज उघड म्हणायचे गं. मीच नको म्हणायची,” त्या म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.

काकांनी नखाने खरवडलेल्या कोपऱ्यात तेवढी तळहाताएवढी जागा मोकळी झाली. तिथे मी अजून पांढरीशुभ्र आहे. बाकी अंगावर पिवळी लक्तरं. आता काकू मला रोज सकाळी उघडतात. धूळ येते, आवाज येतो, त्या काही म्हणत नाहीत. माझ्यासमोर ती खुर्ची ठेवतात, पण स्वतः कधी तिच्यात बसत नाहीत.

मित्रांनो, मला वाळवी लागत नाही, मी गंजत नाही, मला रंगही लागत नाही. एका ओल्या फडक्यात माझी निगा होते. मला इतकं जपायची गरजच नव्हती हो! जपायला हवं होतं ते माणूस माझ्यासमोर बसलं होतं. आज घरी गेलात की बघा, एखाद्या वस्तूवरचा कागद काढायचा राहिलाय का. राहिला असेल तर आजच काढा. आणि घरात कोणी म्हणालं, “जरा खिडकी उघड,” तर धुळीचं नाव काढू नका, उठा आणि उघडा.