हनुवटीवरचे तीन ठिपके

पाथर्डीच्या पेठेतला मुजफ्फरभाईंचा फोटो स्टुडिओ अखेर अंजुमच्या हाती आला, पण अटीवर. "पहिलं गिऱ्हाईक हसत गेलं, तर लग्नसराई तुझी. नाहीतर कॅमेरा परत माझ्याकडे," अब्बांनी लेकीला बजावलं. वर धंद्याचं गुपितही सांगितलं: ब्राइटनेस सढळ हाताने वाढवायचा. माणूस गोरं दिसलं की खूश!

पहिलं गिऱ्हाईक आल्या मालनबाई, कोरं लुगडं नेसून. त्यांना फोटो श्रीगोंद्याला दिलेल्या बहिणीला, बनुबाईला, पाठवायचा होता. दोघींचे गुडघे संपावर गेल्यापासून सहा वर्षं भेट नव्हती.

अंजुमने अब्बांचा शब्द पाळून ब्राइटनेस चांगला चढवला आणि प्रिंट हातात ठेवली. मालनबाईंनी ती जवळ धरली, लांब धरली, उलटून मागूनही पाहिली.

"ही कोन बाई?"

"तुम्हीच की, मावशी."

"मंग माजं गोंदन कुठं गेलं? मढीच्या जत्रंत मी न् बनुबाईनं एकाच दिशी गोंदून घेतल्यालं. ती रडली म्हनून मी बी रडले. तेच न्हाई, तर ती काय बगंल?" मग भिंतीवरच्या एकजात गोऱ्यापान फोटोंकडे बोट गेलं. "आन ही समदी एकाच आईची लेकरं हायती व्हय?"

अंजुमच्या हातची लग्नसराई चालली होती. तरी तिला मनातून पटलं, बाई खरं बोलतेय. तिने ब्राइटनेस उतरवला, कॉन्ट्रास्ट वाढवला आणि पुन्हा फोटो काढला. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके ठसठशीत उमटले, पण सोबत झाडून सगळ्या सुरकुत्याही.

मागे उभ्या अब्बांनी कपाळाला हात लावला. "अगं, किती म्हाताऱ्या दिसतायत त्या!"

मालनबाईंनी नवी प्रिंट घेतली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि खुदकन हसल्या. "आले गं बया मी! सुरकुत्यांचं काय, तिला बी असत्यालच की."

त्या हसतच पायऱ्या उतरल्या. अब्बा मात्र दर्शनी काचेत लावलेल्या स्वतःच्या फोटोकडे बघत राहिले. फोटोतले मुजफ्फरभाई गोरेपान होते. चाळीस वर्षं नमाज पढून कपाळावर पडलेला काळा डाग तिथे औषधालाही नव्हता.

त्यांनी लग्नांच्या तारखांची वही अंजुमपुढे सरकवली, टोपी नीट केली आणि स्टुलावर ताठ बसले.

"माझा काढ एक," ते म्हणाले. "आणि कॉन्ट्रास्टला हात आखडू नकोस."