भोंगऱ्याची तारीख

आशा पावरांचं पत्र आलं त्या दिवशी नवनीतभाईंनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, घडी घालून पंचांगाखाली ठेवलं आणि उत्तर उद्या लिहू असं ठरवलं. त्यावर आता दोन होळ्या पेटून विझल्या होत्या.

पत्र साधंच होतं. आशा सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवायच्या. नंदुरबारच्या एका दैनिकात नवनीतभाई 'आजच्या तारखेला' नावाचं सदर लिहीत. त्या तारखेला कोणती गायिका जन्मली, कोणता संगीतकार गेला, कुठल्या गाण्याची तबकडी निघाली, असं त्यात असे. ते आशा वर्गात वाचून दाखवीत. त्यांनी लिहिलं होतं की, खानदेशातल्या प्रत्येक वरातीत बँडवाले जे गाणं 'डोंगरवालं' म्हणून वाजवतात, ते त्यांच्या वडिलांनी, दलसिंग यांनी, बांधलेलं आणि गायलेलं आहे. कॅसेटवर मात्र कंपनीवाल्याच्या भाच्याचं नाव छापलं गेलं. 'एकदा तुमच्या सदरात बाबांचं नाव यावं. त्यांना आता एकाच कानानं ऐकू येतं. तो कान आहे तोवर वाचून दाखवीन. तारीख त्यांना सांगता येत नाही. धडगावच्या भोंगऱ्याला कंपनीवाला यंत्र घेऊन आला होता, तेव्हा मी झोळीत होते.'

इथंच नवनीतभाईंचं घोडं अडलं. भोंगऱ्या म्हणजे होळीआधीच्या आठवड्यातला बाजार. डोंगरातली माणसं ढोल-बासऱ्या घेऊन उतरतात, आणि होळी सरकेल तसा तोही दरवर्षी सरकतो. दलसिंगांना तो दिवस लख्ख आठवत होता. सदराला मात्र तारीख लागे.

दुसरा कोणी असता तर त्यानं सरळ उलट टपाली विचारलं असतं. नवनीतभाई शहाद्याच्या कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल होते. माणसाला विचारण्याआधी पुस्तकाला विचारायची त्यांना सवय. जुनी पंचांगं काढून ते बसले. आशाचं वय अक्षरावरून ताडायचा प्रयत्न केला. तीन वर्षं शक्य वाटली, तीन होळ्या, तीन तारखा. कुठलीही निवडली तरी उरलेल्या दोन त्यांना रात्रभर टोचत.

"तिलेच ईचारा ना," मंगलाबाई म्हणाल्या. त्या भाजी निवडत होत्या, नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

"विचारलं आणि तिलाही माहीत नसलं तर?"

"मंग तेच लिखा. एक कागद लिखाले माणूस इतला घाबरस का?"

घाबरत तर ते होतेच. तारीख मिळाली तरी पुरावा कुठं होता? कॅसेटवरचं नाव वेगळं, पुस्तकात गाण्याचा उल्लेख नाही. आपण कोण हे ठरवणारे, असं त्यांना वाटे. आशाबाईंना नाही म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, हो म्हणावं तर हात. असं करता करता पत्राला उत्तर न देणं हेच उत्तर होऊन बसलं, आणि मग उशीर झाल्याची लाज त्यावर चढली.

यंदा माघात शेजारच्या चुनीलालच्या मुलीची, जागृतीची हळद होती. बँडवाल्यानं 'डोंगरवालं' धरलं तशी म्हाताऱ्या बायाही उठल्या. नवनीतभाई कडेला उभे होते. बँड थांबला तेव्हा त्यांनी धीर करून बँडमास्तरला विचारलं, हे कोणाचं? मास्तर चहा पीत म्हणाला, कोणाचं नाही भाई, हे आपलंच. तो अगदी प्रेमानं म्हणाला होता. नवनीतभाईंना मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते बसनं नंदुरबारला गेले. संपादक भूपेश त्यांच्याच कॉलेजात शिकलेला, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मिरच्यांचा खकाणा खिडकीतून येत होता, दोघंही मधूनमधून शिंकत होते. नवनीतभाईंनी चाचरत सगळं सांगितलं. यंदाच्या भोंगऱ्याच्या दिवशी एक ओळ टाकू, तारीख देऊच नये, असं त्यांचं म्हणणं.

"भाई, होळी दर वरीसले सरकस. तुम्हनं सदर तारीखवर चालस. मी वाचकले काय सांगू?" भूपेश म्हणाला. मग खाली बघत त्यानं प्रमाण मराठी धरली, म्हणजे आता ऑफिस बोलत होतं. "आणि तो कंपनीवाला दर दिवाळीला आपल्याला पानभर जाहिरात देतो. शिवाय मी तुम्हाला फोन करणारच होतो. हे सदर आता बाहेरून तयार येणार आहे. या महिनाअखेर तुमचं शेवटचं."

नवनीतभाई बरं म्हणाले. ते कायम बरंच म्हणत.

शेवटच्या लेखात त्यांनी ती ओळ तरीही लिहिली, अगदी तळाला. आयुष्यात पहिल्यांदा आधाराशिवाय लिहिलेली. सकाळी पेपर आला. लेख होता. ओळीच्या जागी ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात होती. भूपेशचा फोन आला नाही, यांनीही केला नाही.

दुपारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. माफी मागायची दोन पानं फाडली, कारण त्यांत आशापेक्षा त्यांचंच जास्त होतं. शेवटी इतकंच राहिलं: 'पेपरात ओळ आली नाही आणि आता येणार नाही. सदर माझ्याकडं राहिलं नाही. मी तारीख शोधत बसलो, तुम्हाला विचारायला हवं होतं. छापून न आलेली ओळ अशी होती: धडगावच्या भोंगऱ्याच्या दिवशी दलसिंग पावरा यांनी स्वतः बांधलेलं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं, खानदेश आजही त्यावर नाचतो.' खाली सही. त्या कानाचं काय, हे विचारायचं फार मनात होतं. लेखणी तिथवर गेली आणि परत आली.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पत्ता वाचून सांगितलं की, वर डोंगरात टपाल जायला वेळ लागतो, कधी आठवडा, कधी जास्त. घाईचं आहे का? नवनीतभाईंनी तिकीट लावलं, पुन्हा एकदा दाबलं, आणि पाकीट पेटीत सोडलं.